अभ्यासिकेतलं पडवळ

त्या मेसेजचं श्रेय माझं आहे आणि ते मी कुणालाही देणार नाही.

'ऋषीपंचमीची भाजी! निवडून, धुऊन, चिरून, तुमच्या दारात. बैलाच्या कष्टाची नाही, परसातली. प्रेमाताई, कन्नमवार नगर.' खाली माझ्या आवाजातला निरोप. जूनमध्ये शाळेच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मला हवं तिथे लोक हसतात आणि हवं तिथे गप्प बसतात. त्या दिवसापासून माझं तोंड बंद होत नाहीये असं आईचं म्हणणं आहे. असू दे. मेसेज विक्रोळीतून घाटकोपरला गेला, घाटकोपरहून मुलुंडला गेला, आणि आईचा फोन वाजायचा थांबेना.

आई म्हणजे प्रेमाताई. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली तिचं टेबल असतं. नोकरीवाल्या बायकांना ती भाजी निवडून-चिरून देते, सोबत क्षमा मावशी. आता ऋषीपंचमी म्हणजे गणपतीचा दुसरा दिवस. त्या दिवशी उपास करणाऱ्या बायका बैलाने नांगरलेल्या जमिनीतलं काही खात नाहीत. अळू, भेंडी, पडवळ, शिराळी, काकडी, लाल भोपळा, मक्याचं कणीस, लाल माठ, असं परसदारी उगवलेलं सगळं एकाच पातेल्यात शिजवायचं. खायला पुण्य, पण चिरायला अख्खा दिवस. आणि आदल्या दिवशी घरात गणपती बसलेला! म्हणून तर ऑर्डरी.

"ट्रॅक्टरने नांगरलेलं चालतं का गं?" मी विचारलं होतं. "ट्रॅक्टर काही बैल नाही."

"तुझी जीभच जुंपायला पाहिजे नांगराला," क्षमा मावशी म्हणाली. "दोन एकर सकाळीच होतील."

तर चालत नाही. बाजारातलं चालत नाही. म्हणून आईने पेणकडच्या गुणाजी मामांना सांगितलं. ते वाडीतल्या घराघरातून, मांडवावरून, कुंपणावरून भाजी गोळा करून टेम्पोने आणणार. पण त्यांच्याही घरी गणपती. त्यामुळे ते हरतालिकेच्याही आधी येऊन जाणार, नंतर नाही. म्हणजे भाजी आमच्याकडे येणार आणि पंचमीपर्यंत थांबणार, ऑगस्टच्या या चिकट उकाड्यात.

आणि या सगळ्यासाठी आई गावाला गेली नाही. हे तुम्हाला साधं वाटेल, पण आमच्यात गणपतीला कुडाळला न जाणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. पप्पा गेले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आई मागे राहिली. पप्पांचे मोठे भाऊ, दशरथ काका, त्यांचा लगेच फोन आला. फोन स्पीकरवर नव्हता, तरी सगळ्या जिन्याला ऐकू गेला.

"काय गो प्रेमा, घरचो गणपती सोडून लोकांची भाजी चिरूक रवलंस?"

आई हसली, "हो, भावोजी," म्हणाली आणि फोन ठेवून भोपळ्यावर सुरी अशी मारली की दोन फाका टेबलाखाली गेल्या.

"हे फसलं ना ऋतिका," ती म्हणाली, "तर मला दर गणपतीला हे ऐकावं लागणार. आरतीच्या आधी आणि आरतीच्या नंतर."

*

भाजी ठेवायची कुठे, याचं उत्तर श्यामसुंदर काकांनी दिलं. त्यांची कोपऱ्यावर डेअरी आहे. मागे कोल्ड रूम, जाड दरवाज्याची. दूध, पनीर, चक्का, आणि गणपतीत मोदकांसाठी मावा. काका शिकलेले, सभ्य, "प्रेमाताई, आपलंच समजा" असं बोलणारे. खात्री पटावी म्हणून त्यांनी आठवडाभर आधी आईच्या चार काकड्या नि दोन पडवळं आत ठेवून पाहिली. काही दिवसांनी बाहेर काढली तेव्हा आईने ती हातात घेऊन उन्हाकडे धरली.

"काल तोडल्यासारखी आहेत," ती म्हणाली. आणि मग तिने सगळ्यांना हो सांगून टाकलं.

त्या काकड्या घरी आल्या आणि ओट्यावरच्या टोपलीत पडल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी कोशिंबिरीसाठी एक उचलली तर बोटाला चिकट लागलं. सालीवर खळगे. देवीच्या व्रणांसारखे, बारीक बारीक, आणि त्यातून पाणी. दुसरी तशीच. तिसरी दाबली तर बोट आत. पडवळावर तर कुणीतरी ओला अंगठा उमटवत गेल्यासारखे डाग.

"आई, हे बघ!"

"वेलीवरच कीड असणार. टाक," आई फोनवर कुणाचा तरी पत्ता लिहून घेत होती. "हां, टागोर नगर, बोला."

मी टाकल्या. पण डोक्यातून जाईनात. वेलीवर कीड होती तर काढल्या त्या दिवशी का नाही दिसली?

शाळेला गणपतीची सुट्टी लागली त्या दुपारी टेम्पो आला. मांडवावरची लांब पडवळं गोणपाटात गुंडाळून, भेंडी कोवळी, काकड्यांना अजून पिवळी फुलं चिकटलेली. गुणाजी मामा घाईत होते, त्यांना मूर्ती आणायची होती. आम्ही क्रेट भरभरून कोल्ड रूममध्ये लावले, दार धप्पकन बंद झालं आणि आईने हात झटकले. "सुटलो बाई."

मी नव्हते सुटले. रात्रभर कूस बदलत होते म्हणणार नाही, झोपले मस्त, पण सकाळी दात घासतानाच फोनवर शोधायला लागले. 'काकडी थंडीने खराब.' 'फ्रीजमध्ये भेंडी काळी.' कृषी विद्यापीठाचं काहीतरी सापडलं, लांबलचक, तक्त्यांचं. ओट्याला टेकून वाचत राहिले, आणि तोंडातला फेस तोंडातच.

त्यात लिहिलं होतं ते माझ्या भाषेत असं. कोबी, मटार, पालक, माठ, कणीस, यांना कडक थंडी मानवते. पण काकडी, भेंडी, पडवळ, शिराळी, भोपळा, अळू ही आपल्यासारखी गरम हवेची माणसं. फार गार झालं की त्यांना आतून इजा होते. पेशीच फाटते म्हणा ना. आणि खरी हरामखोरी पुढे आहे. थंडीत असेपर्यंत काहीच दिसत नाही! टवटवीत, हिरवीगार, फोटो काढावा अशी. बाहेर उबेत आली की एका दिवसात खळगे, काळे डाग, पाणी. पण एखाद दिवसातच बाहेर काढली तर सावरतात. जास्त राहिली तर मग गेलीच.

म्हणजे पंचमीच्या पहाटे आम्ही सुंदर भाजी बाहेर काढणार, सुंदर चिरणार, सुंदर पिशव्या भरणार. आणि त्या बायकांच्या ओट्यावर पोचेपर्यंत...

मी चूळसुद्धा न भरता धावले.

*

"काका, तुमची कोल्ड रूम किती गार आहे?"

"दोन डिग्री," श्यामसुंदर काका अभिमानाने म्हणाले. "इकडेतिकडे नाही होणार."

"इकडेतिकडे करा ना. बारा करा."

काकांनी चष्मा काढला. "बारा?"

मी सगळं सांगितलं. न थांबता. काकड्यांचे खळगे, पेशी, तक्ता. त्यांनी ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. मग मला हाताला धरून आत नेलं. बर्फाळ हवेने कान दुखले. एका बाजूला आमचे क्रेट, आणि बाकी तीन बाजूंना छतापर्यंत मावा.

"बाळा, हा सगळ्या विक्रोळीचा मोदक आहे," ते म्हणाले. "बारा डिग्रीला हा आंबला तर लोक गणपतीऐवजी मलाच नेऊन बुडवतील. आणि हे बघ." त्यांनी एक भेंडी उचलून कटकन मोडली. "काय वाईट आहे हिच्यात?"

काहीच वाईट नव्हतं. भेंडी इतकी देखणी होती की माझा मलाच राग आला. आणि माव्याचं त्यांचं बरोबर होतं, तेही मला दिसत होतं. एका खोलीत दोघांचं जमणार नाही. म्हणजे भाजीच बाहेर काढायला हवी.

आईला हे सांगणं म्हणजे दुसरं युद्ध. ती टेबलावर माठाच्या जुड्या सोडत होती. क्षमा मावशी समोर.

"गारव्यातून काढून उकाड्यात ठेवू?" आई म्हणाली. "आणि कुजली की तू जाशील लोकांच्या दारात सांगायला?"

"कुजायला ती आत्ताच लागलीये! तुला दिसत नाहीये, कारण ती दाखवतच नाही!"

"वा. लपूनछपून कुजते," क्षमा मावशी म्हणाली. "आमच्या चाळीतल्या भिंतींसारखी."

"मावशी, तू थांब गं जरा. आई, त्या काकड्या आठव. तू म्हणालीस कीड. चारही काकड्यांना? पडवळांनापण? एकाच दिवशी?"

आईचा हात थांबला. जुडी तशीच हातात.

"मग चार भेंड्या काढून बघू," ती म्हणाली. "उद्यापर्यंत ठेवू. खराब झाल्या तर मानलं."

"एवढ्याशा वेळात नसतील झाल्या खराब. त्या चांगल्या राहतील, तू बाकीच्या आत ठेवशील, आणि पंचमीपर्यंत त्यांची वाट लागेल. खात्री करून घ्यायची म्हटली तर उशीर होतो. हाच तर घोळ आहे!"

"म्हणजे मी नुसतं तुझ्या बोलण्यावर एवढी सगळी भाजी बाहेर काढायची."

"हो."

आईने हातातली जुडी टेबलावर ठेवली. वरच्या मजल्यावर कुणीतरी आरतीचं तबक घासत होतं. मग आई म्हणाली, "घरात तर उकडतंय. ठेवायची जागा दाखव. गार पण फार गार नाही, अशी. दुपारपर्यंत. नाहीतर राहू दे आहे तिथे."

*

गार पण फार गार नाही! बोलायला सोपं. मी जान्हवीला बरोबर घेतलं. जान्हवी माझ्याच बाकावर बसते, आणि माझ्या प्रत्येक कल्पनेवर आधी "येडी झालीस का" म्हणते आणि मग चप्पल घालते.

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबला कुलूप. जिमवाल्या दादाने आमचं पूर्ण ऐकून "डाएटसाठी का?" असं विचारलं. एटीएममध्ये एसी असतो, पण तिथे पडवळ ठेवायचं धाडस माझ्याकडेही नाही. एका मेडिकलवाल्याचं दुकान छान गार होतं, त्याने आम्हाला औषध विकत घ्यायचंय का नाही एवढंच विचारलं. दुपार होत आली. अंगातून धारा. माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती अंधारी कोल्ड रूम, आणि आत गपचूप आजारी पडणाऱ्या भेंड्या.

"जरा अभ्यासिकेत बसू या," जान्हवी म्हणाली. "मरते मी उकाड्याने."

मी रस्त्यातच थांबले. मागून स्कूटीवाला ओरडला.

"जान्हवी. तू किती हुशार आहेस!"

"येडी झालीस का?"

आमची अभ्यासिका मंडळाची आहे. लांब खोली, टेबलं, आणि भिंतीवर एक म्हातारा पण दमदार एसी. तो अठरावर अडकलाय. रिमोट हरवलाय, बटण तुटलंय, त्यामुळे मुली मेमध्येसुद्धा स्टोल पांघरून अभ्यास करतात आणि 'एसीला हात लावू नये' ही पाटी कुणीतरी गंमत म्हणून लावलीये. सांभाळायला उत्तरा ताई. त्यांच्यासमोर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तरी माणूस माफी मागतो.

"काय?" उत्तरा ताई कुजबुजल्या.

"ताई, भाजी ठेवायचीये," मीही कुजबुजले.

"कसली?"

"पडवळ. भेंडी. काकडी. भोपळे. पंचमीपर्यंत. मागच्या रिकाम्या टेबलांखाली. आवाज करत नाहीत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पाठीमागच्या टेबलावरून फिस्सकन हसू आलं. तो प्रबुद्ध दादा, तीन वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय, त्याची जागा कुणी घेत नाही.

आणि मग मी कुजबुज सोडली. करणार काय, कुजबुजून कुणाचं मन वळत नाही. मी खोलीच्या मध्ये उभी राहिले आणि सांगून टाकलं, की माझी आई पहिल्यांदा गावच्या गणपतीला गेली नाहीये, की तिने इतक्या बायकांना शब्द दिलाय, की त्या बायका त्या दिवशी दुसरं काही खाणार नाहीत. आणि ती भाजी आत्ता दोन डिग्रीत आहे. "तुम्हाला इथे अठरात स्टोल लागतो ना? तिला तिथे दोनात काही नाहीये अंगावर. तिला थंडी वाजतेय, आणि तिला सांगता येत नाही!"

"आम्हालाही वाजते," प्रबुद्ध दादा म्हणाला, "आणि आम्ही सांगतो. आमचं कोण ऐकतंय?"

सगळी अभ्यासिका हसली. अगदी मला हवं तिथे नाही, पण चाललं.

उत्तरा ताईंनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "पाणी गळलं तर?"

"खाली गोणपाट घालते."

"वास?"

"काकडीचा येईल थोडा."

"काकडीचा चालेल," कोपऱ्यातली एक मुलगी म्हणाली. "नितेश बूट काढतो त्यापेक्षा बरा."

*

त्या दुपारी आई हातगाडी घेऊन डेअरीवर आली, मी बोलावलं म्हणून. शेवटपर्यंत मला वाटत होतं ती परत जाईल. कोल्ड रूमच्या दारात ती एक पडवळ हातात घेऊन उभी राहिली, हिरवंगार, ताठ. श्यामसुंदर काका म्हणाले, "ताई, विचार करा. मुलगी लहान आहे." आई म्हणाली, "लहान आहे खरी." आणि पडवळ गाडीत ठेवलं.

माठ आणि कणसं आतच ठेवली. त्यांना थंडी मानवते, हे मी सगळ्यांना तीनतीनदा सांगितलं.

बाहेर येताच भाजीला घाम फुटला. खरंच, दरदरून! गार भाजीवर गरम हवा बसली की पाणी धरतं. मी, जान्हवी नि क्षमा मावशी, आम्ही एकेक भेंडी जुन्या ओढणीने पुसली. क्षमा मावशी पुटपुटत होती, "माझ्या पोरांची नाकं एवढी पुसली नाहीत मी." मग अभ्यासिकेच्या मागच्या टेबलांखाली गोणपाट, त्यावर क्रेट, त्यावर आईच्या सुती साडीचं ओलसर पिळून घेतलेलं फडकं. एसीच्या झोतात थेट नाही. भाजी सुकता कामा नये आणि भिजताही कामा नये. मला आता सगळं येत होतं!

येत होतं, पण चैन नव्हतं. हरतालिकेला चार वेळा जाऊन आले. फडकं उचलायचं, बघायचं, परत ठेवायचं. भेंडी किंचित मऊ लागते का? पडवळाची चकाकी गेली का? गेली होती थोडी. ती सुकण्याची होती की कुजण्याची? गणपती आले, शेजारी आरत्या झाल्या, मी मोदक खाता खाता उठून अभ्यासिकेत. सुट्टी असूनही प्रबुद्ध दादा तिथे एकटा बसलेला.

"मी बघतोय त्यांच्याकडे," तो म्हणाला. "अजून कुणी उठून गेलेलं नाही."

"भेंडी मऊ झालीये रे."

"तीन दिवस इथे बसलीस तर तूही होशील."

संध्याकाळी दशरथ काकांचा फोन आला. मागे भजन, टाळ. "मगे, बरी आसा मा भाजी? की कुसली?" आई म्हणाली, "बरी आहे." फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता विचारलं, "बरी आहे ना?"

*

पंचमीच्या सकाळी उजाडल्यावर सगळी भाजी टेबलावर आली. धुणं, पुसणं, चिरणं सुरू. भाजी चांगली होती, पण देखणी नव्हती. भेंडी मोडताना कटकन आवाज न येता कुर्र असा येत होता. पडवळ जरा वाकत होतं. क्षमा मावशीने एक शिराळं उचलून आईला दाखवलं नि परत ठेवलं, आणि मला वाटलं जमिनीत जावं.

आणि तेवढ्यात श्यामसुंदर काका आले. डोक्यावर क्रेट.

"प्रेमाताई! हा राहिला होता. काल मावा संपला तेव्हा मागे सापडला."

त्यांनी तो आमच्या भाजीच्या शेजारी ठेवला. काय सांगू! भेंड्या, काकड्या, दोन पडवळं. टेम्पोतून आत्ता उतरल्यासारखी. हिरवा रंग असा की आमची भाजी बाजूला आजारी वाटायला लागली.

"मी म्हणत होतो," काका हळूच म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, म्हणून जास्त लागलं.

"अगो बाई, ही घे ना मग," क्षमा मावशीचे हात पुढेसुद्धा झाले. "भेंडी कमीच पडतेय. प्रत्येक पिशवीत वर ही घालू, दिसायला छान."

"नाही!" मी ओरडले. "आत्ता दिसतेय तशी! संध्याकाळपर्यंत बघा!"

"संध्याकाळपर्यंत बायकांनी उपाशी बसायचं का गं?"

पिशव्या पोचवणारा रिक्षावाला कोपऱ्यावर हॉर्न देत होता. सगळे आईकडे बघत होते. मी पण, आणि माझ्याकडे नवीन काही बोलायला उरलंच नव्हतं. जे होतं ते मी बोलून बसले होते.

"त्या दिवशीच्या काकड्या," आईने मला विचारलं. "कुठून गेल्या होत्या?"

"सालीवरून. देठाच्या बाजूने आधी."

तिने क्रेटमधली काकडी उचलली. डोळ्यांनी नाही बघितली, समोर भिंतीकडे बघत राहिली आणि अंगठा देठापासून खाली फिरवत नेला, हळू, जसा माझ्या कपाळावर ताप बघायला फिरवते. एका जागी अंगठा थांबला. थोडं पुढे जाऊन परत थांबला.

"हा क्रेट राहू दे," ती म्हणाली. "बाजूला ठेव."

"ताई, अहो..." काका म्हणाले.

"राहू दे काका. भेंडी दोनदोन कमी घाला प्रत्येकीला. क्षमा, आपल्या घरची ठेवलेली पण घाल त्यात."

*

दुपारपर्यंत शेवटची पिशवी गेली. मुलुंडच्या एका बाईने शिजवलेल्या भाजीचा फोटो पाठवला. घाटकोपरहून मधुवंती काकूंचा निरोप आला, 'भेंडी थोडी कमी वाटली, पण चव अगदी परसातली.' मी तो मोठ्याने वाचला. क्षमा मावशी म्हणाली, "भेंडी कमी, ते पण वाच." वाचलं होतं मी.

क्रेट आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर होता. मी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले. बसून बघायचं काय? पण बसवेनाही आणि उठवेनाही. आधी काहीच नाही. मग भेंडीच्या शिरांवरून तपकिरी रेघा, कुणी पेन्सिलीने ओढल्यासारख्या. मग काकडीवर एक खळगा, माझ्या डोळ्यांदेखत खोल झाल्यासारखा वाटला. उन्हं उतरेपर्यंत भेंड्या काळ्या, पडवळावर पाणचट चट्टे, आणि एक चिकट ओला वास.

"आई! झालं! बघ! मी क्षमा मावशीला बोलावते, काकांना बोलावते..."

पण खाली दीड दिवसाचे गणपती निघाले होते. ढोल, गुलाल, 'पुढच्या वर्षी लवकर या'. श्यामसुंदर काका टोपी घालून पाट धरून चाललेले, क्षमा मावशी मागे झांजा वाजवत. जान्हवी सगळ्यात पुढे नाचत होती. खिडकीतून मी क्रेट दाखवला असता तरी कुणी वर बघितलं नसतं. एवढा मोठा पुरावा हातात आणि बघायला एक माणूस नाही!

आई येऊन क्रेटसमोर उकिडवी बसली. एक भेंडी दोन बोटांत धरली, ती दुमडली.

"हे जर गेलं असतं त्या पिशव्यांत," ती म्हणाली. मग उठली, विळी काढली आणि क्रेट ओढला.

"हे काय करतेस?"

"मला उपास आहे ना. घरची भाजी देऊन टाकली."

मी विसरलेच होते. तिने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. सगळ्या विक्रोळीने आईची भाजी खाल्ली होती, आणि आईसाठी हे उरलं होतं.

आम्ही दोघींनी मिळून काळं कापून टाकलं, पाणचट कापून टाकलं, खळगे खरवडले. ढीग सालांचा झाला आणि भाजी मूठभर. माठ होता, एक कणीस होतं. आईने शिजवली, मीठ घातलं, आणि आम्ही एकाच ताटात जेवायला बसलो.

"कशी झालीये?" मी विचारलं.

आईने घास फिरवला. "पाणचट. गारठली बिचारी."

मी पण खाल्ला एक घास. खरंच, पाण्यात भिजवलेल्या कागदासारखी. आम्ही दोघी हसलो, म्हणजे आधी मी, मग ती, मग तिला ठसका लागला. तेवढ्यात फोन. दशरथ काका.

"मगे गो प्रेमा? काय झाला तुझ्या भाजयेचा?"

"झकास झाली भावोजी," आई घास गिळत म्हणाली. "संपली सगळी. कुणाची काही तक्रार नाही."

"तर काय! भाजी ती भाजी. तेका इतक्या काय मोठा? फ्रीजात ठेवली की झाला."

आईने माझ्याकडे बघितलं. मग तिने फोन पदराला पुसला आणि माझ्या हातात दिला.

"हे तुला जास्त चांगलं सांगता येतं," ती म्हणाली. "सांग त्यांना. काही सोडू नको."

खाली ढोल लांब गेले होते. मी मांडी घालून नीट बसले, तोंडातली पाणचट भाजी गिळली.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही बसलायत का? बसा. मी आधी काकड्यांपासून सांगते."